यूट्यूबचे पावतीपुस्तक

साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. त्या काळी वर्गणीदार म्हणजे आगाऊ पैसे भरून अंक घरी मागवणारा माणूस. इंग्रजीत त्यालाच सबस्क्रायबर म्हणत. यूट्यूबने हा शब्द उचलला आणि त्यातली वर्गणी तेवढी गाळली. म्हणून आज सुरतेतल्या डिंडोलीच्या एखाद्या मुलाकडे साठ हजार सबस्क्रायबर असतात आणि मोबाइलचा हप्ता भरायला तो मित्राकडे उसने मागतो.

सुरतेतल्या लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा, गोडादरा या पट्ट्यात जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेल्या माणसांची मोठी वस्ती आहे. घरात अहिराणी, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी. अहिराणीला यूट्यूबवर प्रेक्षक आहे, हे ‘झुमका वाली पोर’सारख्या गाण्यांना मिळालेल्या कोट्यवधी व्ह्यूजनी दाखवून दिलेच आहे. पण व्ह्यूज मोजणे वेगळे आणि भाडे भरणे वेगळे.

आपण दिवसा रिंग रोडच्या कापड मार्केटात काम करता आणि संध्याकाळी दोन मित्रांना घेऊन छोटे विनोदी व्हिडिओ काढता, असे धरून चालू. तीन वर्षे झाली. आता आपल्याला व्हिडिओचा बाज बदलायचा आहे आणि खर्च प्रेक्षकांनीच उचलावा असेही वाटते. या दोन्ही गोष्टी कशा करायच्या, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिल्यांदा सध्याचा पैसा कुठून येतो ते समजून घ्या. मोठ्या व्हिडिओवर लागणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा यूट्यूब निर्मात्याला देते. शॉर्ट्सचे, म्हणजे उभ्या छोट्या व्हिडिओंचे गणित निराळे आहे. तिथे जाहिरातींचा पैसा आधी एका सामायिक गल्ल्यात जमा होतो, व्ह्यूजच्या प्रमाणात वाटला जातो आणि आपल्या वाट्याला आलेल्या रकमेतले ४५ टक्के आपल्याला मिळतात. शिवाय जाहिरातदार प्रेक्षकाचे गाव, भाषा, वय पाहून बोली लावतो. त्यामुळे दहा लाख व्ह्यूजचा एक शॉर्ट आणि पन्नास हजार व्ह्यूजचा एक लांब व्हिडिओ यांत पैसे कोणी जास्त दिले, हे अंदाजाने सांगू नका. ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे यूट्यूब स्टुडिओतल्या आकडेवारीच्या पानावर, उत्पन्नाचा रकाना उघडून बघा. बहुतेकांना तिथे पहिला धक्का बसतो.

दुसरा टप्पाही त्याच पानावर. तिथे तीनच गोष्टी पाहा. एक, परत येणारे प्रेक्षक किती. दोन, प्रेक्षक कोणत्या शहरांतून येतात. तीन, रिटेन्शनचा आलेख, म्हणजे व्हिडिओ चालू असताना माणसे कोणत्या सेकंदाला उठून जातात त्याची रेषा.

ही रेषा फार प्रामाणिक असते. पहिली चाळीस सेकंदे आपण तापीवरच्या पुलाचे ड्रोन शॉट आणि चॅनेलचे नाव दाखवत असाल, तर घसरगुंडी तिथेच दिसेल. निर्मात्याला सर्वात प्रिय असलेला भाग प्रेक्षक बोटाने पुढे ढकलतो, हे मान्य करायला आठवडा लागतो. लागू द्या.

परत येणाऱ्यांचा आकडा तर वहीत लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशोब त्याच्यावर आहे. व्हायरल शॉर्ट पाहून गेलेला पाटण्याचा प्रेक्षक आपल्याला वर्गणी देणार नाही. दर रविवारी जेवणानंतर आपला व्हिडिओ लावणारी अमळनेरची मावशी देईल.

आता तिसरा टप्पा, बाज बदलण्याचा. इथे जरा थांबू, कारण पुढे पैसे मागायची वेळ आली की सगळी भिस्त याच्यावर असते.

माणूस कशासाठी पैसे देतो? जे बंद पडले तर चुकल्यासारखे वाटेल, त्यासाठी. सासू-सुनेच्या विनोदाला हसणारे खूप असतात. पण तो विनोद उद्या दुसऱ्या कोणी केला तरी त्यांचे काम भागते. दुसरीकडे सुरतेतल्या खानदेशी माणसाचे असे पुष्कळ आहे, जे कोणीच नीट चित्रित केलेले नाही. लूमवरची बारा तासांची पाळी. श्रावणात भाड्याच्या दोन खोल्यांत बसवलेली कानबाई देवी. हिवाळ्यात सुरती लोक ज्याला पोंक म्हणतात आणि आपण हुरडा म्हणतो, त्या एकाच ज्वारीच्या कणसाची दोन घरे. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या मुलांचे पुढे काय झाले. लग्नसराईत गावाकडे निघणाऱ्या गाड्यांत काय काय भरले जाते.

यांतला एक विषय निवडा आणि त्याची सहा भागांची मालिका ठरवा. वार ठरलेला, लांबी साधारण ठरलेली, सुरुवात ओळखीची. आठ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओत मध्येही जाहिरात टाकता येते, म्हणून बरेच जण पाच मिनिटांचा ऐवज आठ मिनिटांपर्यंत ताणतात. पाणी घातलेले वरण पहिल्या घासाला कळते. ऐवज बारा मिनिटांचा असेल तर बारा करा, सहाचा असेल तर सहावर थांबा.

शॉर्ट्स सोडायचे का? अजिबात नाही, फक्त त्यांचे काम बदलायचे. मार्केटातला व्यापारी दुकानाबाहेर साडी टांगतो, ती गिऱ्हाइकाला आत आणण्यासाठी. ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट तीन मिनिटांपर्यंत करता येतो. पण मालिकेतला चाळीस सेकंदांचा नेमका तुकडा काढून त्याला मूळ व्हिडिओ जोडणे हेच जास्त उपयोगी. शॉर्ट प्रकाशित करताना ‘संबंधित व्हिडिओ’ जोडायची सोय असते. ती बहुतेक जण वापरतच नाहीत.

या टप्प्यावर तीन ठिकाणी घोळ होतो. पहिला, सगळे एका रात्रीत बदलणे. जुना प्रेक्षक विनोदासाठी आलेला आहे. महिन्यातून एक-दोन विनोदी व्हिडिओ चालू ठेवा आणि त्यांतलीच पात्रे नव्या मालिकेत निवेदक म्हणून आणा. दुसरा, नव्या बाजासाठी वेगळे चॅनेल काढणे. काहींना ते जमते, पण नोकरी सांभाळून व्हिडिओ करणाऱ्याने दोन चुली मांडू नयेत, असे माझे मत आहे. तिसरा, दोन भागांना व्ह्यूज कमी आले म्हणून मालिका सोडणे. सहा भाग होईपर्यंत निकाल लावू नका, आणि लावताना व्ह्यूज बाजूला ठेवून परत येणाऱ्यांचा आकडा बघा.

संगीताबद्दल एक सूचना. गाजलेले गाणे मागे लावले, तर हक्कदार कंपनीचा दावा आपोआप लागतो आणि त्या व्हिडिओचे जाहिरात उत्पन्न तिकडे वळू शकते. गावातल्या कलाकाराचे गाणे असेल तर त्याच्याकडून लेखी परवानगी घ्या. ‘आपलाच माणूस आहे’ हा करार गाणे चालेपर्यंतच टिकतो.

चौथा टप्पा खर्चाचा. वही काढा आणि एका महिन्याचा खरा खर्च लिहा. प्रवास, माइक, मेमरी कार्ड, इंटरनेट, संकलन करणाऱ्या मित्राचे पैसे. स्वतःची रोजी लिहायला विसरू नका; बहुतेक जण ती शून्य धरतात आणि वर्षभरात थकून बसतात. समजा, बेरीज १८ हजार आली.

आता मेंबरशिप, म्हणजे प्रेक्षकाने यूट्यूबमार्फत आपल्याला दर महिन्याला द्यायची वर्गणी. समजा, आपण ५९ रुपयांचा टप्पा ठेवला. त्यात धरलेला १८ टक्के दराचा जीएसटी वजा केला की ५० रुपये उरतात. त्यांतले ३० टक्के यूट्यूब ठेवते आणि ७० टक्के, म्हणजे ३५ रुपये, आपल्याला मिळतात. आयफोनवरच्या ॲपमधून कोणी सभासद झाले तर ॲपलचा वाटा आधी कापला जातो, म्हणून आणखी कमी. १८ हजारांना ३५ ने भागले की ५१५ सभासद हवेत.

नियमित पाहणाऱ्या शंभरांतला एक जण पैसे देईल, असा हात आखडता ठेवून अंदाज करा. म्हणजे ५१५ सभासदांसाठी पन्नास हजारांवर नियमित प्रेक्षक लागतील. तेवढे नसतील तर घाबरू नका, फक्त सगळा भार मेंबरशिपवर टाकू नका. पहिल्या वर्षी वर्गणीतून एक तृतीयांश खर्च निघाला तरी पुष्कळ झाले.

पाचवा टप्पा मार्ग निवडण्याचा. त्याआधी गुजरातेतलीच एक गोष्ट ऐका. १९७६ साली आलेल्या ‘मंथन’ चित्रपटाचा खर्च गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उचलला. दिग्दर्शक श्याम बेनेगल, पटकथा विजय तेंडुलकरांची, प्रमुख भूमिकांत गिरीश कर्नाड आणि स्मिता पाटील. तोच चित्रपट डागडुजी होऊन २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला.

ही गोष्ट लोकवर्गणीच्या महतीसाठी नेहमी सांगितली जाते. मला तिच्यातली वेगळी बाब महत्त्वाची वाटते. त्या पाच लाख लोकांकडे कोणी झोळी घेऊन फिरले नाही. सकाळ-संध्याकाळ दूध घालायची जागा, वही, पैसे चुकते करायची पद्धत, सगळे गावोगावी आधीच बसलेले होते. दोन रुपये गोळा करायला नवा खर्च जवळजवळ नव्हता. आणि चित्रपट त्यांच्याच दूध संस्थांच्या गोष्टीवर होता.

आपल्याकडे दूध संघ नाही. म्हणून देणाऱ्याला आधीच सवयीचा असलेला रस्ता शोधायचा. तरुण प्रेक्षकासाठी तो यूट्यूबवरचे मेंबरशिपचे ‘जॉइन’ बटण असू शकतो. चाळिशीपुढच्या माणसासाठी बहुधा यूपीआय. आणि एकदाच होणाऱ्या मोठ्या कामासाठी, उदाहरणार्थ कानबाईवरच्या तासाभराच्या माहितीपटासाठी, रक्कम आणि तारीख जाहीर करून काढलेली एकवेळची वर्गणी. कन्नड दिग्दर्शक पवन कुमार यांनी ‘लूसिया’ (२०१३) हा चित्रपट अशाच, प्रेक्षकांकडून जमवलेल्या सुमारे ५० लाख रुपयांत उभा केला होता.

आता सहावा टप्पा, जॉइन बटण सुरू करणे. त्यासाठी यूट्यूबच्या भागीदारी कार्यक्रमात जावे लागते. जाहिरातींच्या वाट्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तासांचे सार्वजनिक पाहणे, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज, अशी अट आहे. नुसती प्रेक्षकांची वर्गणी घ्यायची असेल, तर २०२३ पासून यूट्यूबने त्याहून खालची एक पायरी केली आहे. तिथे ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन व्हिडिओ आणि १२ महिन्यांत ३,००० तास किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज पुरतात. शॉर्ट्सच्या रांगेत पाहिलेली मिनिटे या तासांत धरली जात नाहीत. ‘एवढे व्ह्यूज, मग तास का वाढत नाहीत?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा हेच असते. तसेच चॅनेल ‘लहान मुलांसाठी’ अशी खूण केलेले असेल तर मेंबरशिप मिळत नाही.

पैसे ॲडसेन्स या गूगलच्या खात्यातून येतात. कमाई १० डॉलरला पोचली की पत्ता तपासण्यासाठी टपालाने एक पिन येतो. सुरतेत हे पाकीट हमखास अडकते. आपण ‘महादेव नगर’ एवढेच लिहितो आणि त्या नावाच्या चार सोसायट्या असतात. घर क्रमांक, सोसायटी, जवळची खूण, पिनकोड आणि मोबाइल नंबर पूर्ण लिहा, आणि टपाल देणाऱ्या काकांना आधी सांगून ठेवा. पॅन, बँक आणि ॲडसेन्स या तिन्ही ठिकाणी नाव अक्षरशः एकच हवे. एकीकडे ‘भाऊसाहेब’ आणि दुसरीकडे ‘बी. आर.’ असे झाले की पैसे लटकतात. १०० डॉलर जमल्याशिवाय बँकेत काही येत नाही.

अमेरिकेच्या कराचा डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म तिथेच ऑनलाइन भरायचा असतो. ‘आपला अमेरिकेशी काय संबंध’ म्हणून तो सोडू नका. माहिती न दिल्यास जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. दिल्यावर कपातीचा प्रश्न फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या भागापुरता उरतो.

सातवा टप्पा थेट यूपीआयचा. यासाठी वेगळे बँक खाते उघडाच. घरखर्चाच्या खात्याचा क्यूआर पडद्यावर दाखवला, की अनोळखी लोकांचे पैसे आणि किराण्याचे पैसे एकाच पातेल्यात शिजतात. त्यातून एखाद्याने फसवणुकीचे पैसे आपल्याकडे पाठवले आणि त्याची सायबर तक्रार झाली, तर खाते गोठू शकते. वेगळ्या खात्यात निदान घरचे दूध-भाजी थांबत नाही. मोबाइल नंबर दिसणार नाही असा यूपीआय आयडी घ्या. कोणी आपल्या नावाचा खोटा क्यूआर फिरवू नये म्हणून आयडी दर व्हिडिओत तोंडाने वाचून दाखवा.

दरमहा आपोआप वर्गणी हवी असेल तर यूपीआय ऑटोपे आहे. प्रेक्षक एकदा संमती देतो आणि १५ हजारांपर्यंतच्या मासिक रकमेला पुन्हा पिन लागत नाही. कपातीआधी बँकेची सूचना येते. हे पेमेंट सेवा देणाऱ्या कंपनीमार्फत करावे लागते आणि ती आपला थोडा आकार घेते. संमती असूनही कपात फसते, ती बहुतेक वेळा खात्यात शिल्लक नसल्यामुळे. आपल्या प्रेक्षकांचे पगार दुसऱ्या आठवड्यात होत असतील तर कपातीची तारीख १ ठेवून काय उपयोग? १५ ठेवा.

आणि प्रेक्षकांची एक यादी आपल्याजवळ असू द्या. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक गेले. लाखो चाहते असलेल्यांकडे दुसऱ्या दिवशी एकाचाही नंबर नव्हता. संमतीने घेतलेले व्हॉट्सॲप नंबर, ईमेल, जे जमेल ते.

आठवा टप्पा प्रत्यक्ष मागण्याचा, आणि इथे जीभ अडखळते. पण आपण लिंबायतच्या एखाद्या गणेश मंडळात पावतीपुस्तक घेऊन फिरला असाल, तर हे शिक्षण आपले झालेले आहे. दारात उभे राहून आपण जग बदलण्याच्या गोष्टी करत नाही. ‘यंदा मूर्ती एवढ्याची, मांडव एवढ्याचा, मागच्या वर्षी एवढे कमी पडले’ असे सांगतो आणि पावती फाडतो. व्हिडिओतही तसेच, वीस सेकंदांत. मालिकेचा चांगला भाग संपला की लगेच, सुरुवातीला नाही.

‘देणगी’ शब्द टाळा. तो ऐकला की लोकांना प्राप्तिकरातली सवलत आठवते, आणि ती आपण देऊ शकत नाही. आपण नोंदणीकृत धर्मादाय संस्था नाही. ‘वर्गणी’ म्हणा.

बदल्यात काय द्यायचे? कमीत कमी. शेवटी नाव, दोन दिवस आधी व्हिडिओ पाहायला मिळणे, महिन्यातून एकदा अर्धा तास थेट गप्पा. नवे निर्माते उत्साहात टी-शर्ट, मग, वाढदिवसाच्या शुभेच्छा असे सगळे कबूल करतात आणि मग व्हिडिओ सोडून कुरिअरच्या रांगेत उभे राहतात. मुख्य मालिका मात्र सर्वांसाठी खुली ठेवा. ज्याला ५९ रुपये जड आहेत तोही आपलाच प्रेक्षक आहे, आणि तोच व्हिडिओ गावाकडच्या दहा जणांना पाठवतो.

नववा टप्पा जमाखर्चाचा. विसर्जनानंतर मंडळ फळ्यावर हिशोब लावते, तसा दर महिन्याला एक छोटा हिशोब मांडा. जमा किती, नंदुरबारच्या फेरीला किती गेले, संकलनाला किती, शिल्लक किती. स्वतःची रोजी त्यात उघडपणे लिहा. लपवलेली रोजी नंतर घोटाळ्यासारखी दिसते. देणाऱ्यांची नावे त्यांच्या संमतीनेच वाचा आणि रक्कम सांगू नका. गळती, म्हणजे सभासद सोडून जाणे, दर महिन्याला होतेच. सोडणाऱ्याला कारण विचारा, टोमणा मारू नका. पुष्कळदा फक्त कार्ड बदललेले असते.

कराचे थोडक्यात. जाहिरात, मेंबरशिप, यूपीआय, ब्रँडचे पैसे, सगळे उत्पन्नच आहे. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणीचा विषय येतो. जाहिरातीपोटी एखाद्या दुकानाने वर्षात २० हजारांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू दिल्या, तर त्यावरही करकपात लागू शकते. साड्या फुकट मिळाल्या असे फक्त वाटते. अशा व्हिडिओत ‘जाहिरात’ असे स्पष्ट लिहायचे. परदेशी पासपोर्ट असलेल्या प्रेक्षकाकडून थेट रक्कम घेण्याआधी सीएला विचारा, विशेषतः आपण बातम्या किंवा चालू घडामोडींवर बोलत असाल तर. परदेशी योगदानाचा कायदा तिथे कडक आहे.

पहिल्या महिन्यात अकरा सभासद आले, तर अकरांचाच हिशोब मांडा. अकरा गुणिले पस्तीस, ३८५ रुपये. उधन्याहून नंदुरबारला जाऊन यायचे साध्या डब्याचे तिकीट त्यातून निघते. व्हिडिओच्या शेवटी तसे सांगा, तिकीट कॅमेऱ्यासमोर धरा आणि पुढचा भाग तिथूनच सुरू करा.